टवके

धाकूमामा बोटीवरची नोकरी सोडून कायमचा आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्यापाशी एक पत्र्याची पेटी, एक रेनकोट आणि एक सवय होती. पेटी आणि रेनकोट आयने ताबडतोब ताब्यात घेतले. सवय माझ्या वाट्याला आली.

मामा आयचा धाकटा भाऊ. खलाशी म्हणून बरीच वर्षं मोठ्या बोटींवर होता आणि त्या वर्षांबद्दल विचारलं तर फक्त जेवणाबद्दल सांगायचा. बोटीवर कुणा परदेशी खलाशाने त्याला लाकडाचे टवके काढायला शिकवलं होतं. त्या खलाशाचं नाव मामाला सांगता येत नव्हतं, आणि त्या कामाला काय म्हणतात तेही. मामा नुसतं "टवके काढतो" म्हणायचा. मीही अजून तेच म्हणते. नातीने मला इंग्रजी नाव शोधून दिलं होतं, ते मी विसरले. सपाट फळी घ्यायची, पेन्सिलीने तिच्यावर त्रिकोण आखायचे, आणि आखूड पात्याच्या सुरीने प्रत्येक त्रिकोणाला तीन बाजूंनी तिरपे काप द्यायचे. तिन्ही काप आत एका ठिकाणी भेटले की त्रिकोणी टवका आपोआप उडतो आणि मागे स्वच्छ खळगी राहते. अशा खळग्या शेजारी शेजारी आल्या की फूल होतं, चांदणी होते, चटईची वीण होते. पटाशी नको, हातोडी नको, सुताराचा अड्डा नको. भुसा पडत नाही, आवाज होत नाही. सुरी, घासायचा दगड, पेन्सिलीचा तुकडा, आणि वर्तुळ आखायला सुतळीने बांधलेले दोन खिळे, एवढं सगळं मामाच्या चपट्या तंबाखूच्या डब्यात बसायचं आणि तो डबा माझ्या कमरेच्या ओच्यात बसायचा. फळी मांडीवर. जिथे बसायला मिळेल तिथे कारखाना.

मामाने मला शिकवताना दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, अंगठा लाकडावरून उचलायचा नाही. दुसरी, काप चुकला तर त्याच्यावर परत सुरी फिरवायची नाही. "परत गेलीस का जखम मोठी व्हते," तो म्हणायचा. पहिली गोष्ट मी विसरायची, म्हणून माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर सहा पांढऱ्या रेघा आहेत. दुसरी मात्र मला फळीपुरती नीट कळली.

आमचं घर वाशी गावात, खाडीच्या अगदी काठाला. सकाळी जाग यायची ती बा होडीतलं पाणी उपसत असे त्या आवाजाने, डब्याने पाणी काढल्याचा एकसुरी खळ्ळ खळ्ळ. त्यात आयच्या हाताखाली तांदळाच्या भाकरीची थपथप मिसळायची. अंगणात बोंबील वाळत घातलेले, आणि ते राखायला मी. बोंबील राखणं म्हणजे कावळ्याकडे बघत बसणं. हात रिकामेच. त्या हातांना मामाने सुरी दिली, आणि वर्षभरात आमच्या घरातली एकही सपाट वस्तू साधी राहिली नाही. पाटावर फुलं, पोळपाटाच्या कडेला चांदण्या, मिठाच्या खोक्याच्या झाकणावर चटई, वल्ह्याच्या दांड्यावर, दाराच्या आडण्यावर. बसून उठलं की बा ची मांडी नक्षीदार व्हायची. बा काही बोलायचा नाही. आय बोलायची.

"पोरीच्या हातात सुरी बगून कोन करील गो तुना?" ती विचारायची. मी विचारायची, मग मासे कापायला काय हातात धरू. ती म्हणायची, ती सुरी निराळी.

खरं म्हणजे मला हे काम आवडायचं त्याचं कारण नक्षी नव्हतं. कारण हे होतं, की ते कधीही थांबवता यायचं. शिवण अर्धी टाकली तर दोरा निसटतो, भाकरी अर्धी सोडली तर करपते. टवका एकेक असतो. हाक आली की सुरी डब्यात, उठायचं. परत आलं की फळी तिथेच, पुढचा त्रिकोण तिथेच. बायकांच्या वाट्याला येणारा वेळ असाच तुकड्या-तुकड्यांचा असतो. तो खलाशी कोण होता माहीत नाही, पण त्यालाही तसाच वेळ मिळत असणार.

बा ची होडी वाशीहून पल्याड मानखुर्दच्या बाजूला माणसं नेआण करायची. पूल नव्हता. आता पूल आहेत, नात चार मिनिटांत पल्याड जाते आणि वर ट्रॅफिक होता म्हणून सांगते. आमच्या वेळी भरतीच्या पाण्यावर जायचं, भरतीच्या पाण्यावर यायचं. ओहोटी लागली की खाडी दोन्हीकडून आत ओढली जायची आणि काठापासून लांबवर नुसता काळा गाळ उघडा पडायचा. त्या गाळात चालता येत नाही. मांडीपर्यंत पाय जातो आणि परत येताना एकटाच येतो, चप्पल येत नाही. होडी एकदा टेकली की पुढचं पाणी येईपर्यंत बसायचं. ज्याला घाई असेल त्यानेही बसायचं.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा मामाने माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा पल्याडचा, मानखुर्दचा, नाव नारायण. कारखान्यात मशीनवर कामाला. बाप नाही, आई बाजारात मासे विकते. आयने विचारलं, मुलगा कसा? मामा म्हणाला, "सोन्यासारका. काय खोट नाय." तिकडे जाऊन मामाने काय सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. मुलगी घराबाहेर पडत नाही, मान वर करून बघत नाही, आणि बापाच्या चार होड्या आहेत, तो स्वतः वल्ह्याला हात लावत नाही. मामा खोटं बोलायचा ते फायद्यासाठी नव्हे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्यामुळे त्याला थांबवणं कठीण होतं.

बघायचा कार्यक्रम एका रविवारी, संध्याकाळच्या भरतीला ठरला. आय सकाळीच सानपाड्याला तिच्या बहिणीकडे कपबशा आणायला गेली, कारण आमच्याकडे कान असलेला कप एकच होता. जाताना मला बजावून गेली, केस धू, हिरवं लुगडं काढून ठेव, आणि तो डबा मला दिसता कामा नये. मी हो म्हटलं. पण बा चा गडी तापाने पडला होता, आणि सकाळच्या पाण्यावर एक खेप करायचीच होती. बा म्हणाला, "चल, जाऊन येऊ. आय यायच्या आत परत." मी जुनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, डोक्याला फडकं बांधलं आणि होडीत पाणी उपसायला बसले. डबा ओच्यात होता. दिसता कामा नये म्हणाली होती, आणि तो दिसत नव्हताच.

पल्याड माणसं उतरवली. परतायला कुणीच नव्हतं, म्हणून बा थोडा थांबला, आणि त्या थोड्यात पाणी उतरायला लागलं. तेवढ्यात धक्क्यावरून मामा येताना दिसला. तो आदल्या दिवशीच पाहुण्यांना आणायला पल्याड गेला होता. त्याच्या मागे एक उंच, रुंद बाई, कानात सोन्याच्या मोठ्या बुगड्या, आणि तिच्या मागे इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक तरुण, डावा हात खिशात. पाहुणे संध्याकाळऐवजी सकाळीच निघाले होते. नंतर कळलं, त्या बाईला कुठेही उशिरा पोचणं आवडत नसे आणि वेळेवर पोचणं तिला उशिराच वाटे.

मामाने आम्हाला पाहिलं. बा उघडाबंब, कमरेला फाटकी सुरवाल, अंगाला गाळ. मी तशी. मामाचा चेहरा मी आयुष्यात तेवढा पांढरा परत पाहिला नाही. चार होड्यांचा मालक आणि मान वर न करणारी मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर उभे होते. तो म्हणाला, "तांडेल, पल्याड नेशील का?"

बा ने मामाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बसा."

"ही कोन?" बाईने माझ्याकडे हनुवटी करून विचारलं.

"खलाशी हाय," मामा म्हणाला.

त्या बाईचं नाव चांगुणाबाय. ती होडीच्या मधोमध बसली आणि होडी त्या बाजूने चार बोटं खाली गेली. बा ने जोर लावून वल्हं मारलं, पण पाणी त्याच्याहून घाईत होतं. खाडीच्या मध्याच्या जरा पुढे, आमचं गाव समोर दिसत असताना, होडीच्या तळाला मऊ काहीतरी लागलं. बा ने वल्हं रोवून ढकललं. वल्हं आत गेलं, होडी हलली नाही. त्याने परत ढकललं नाही. वल्हं आत घेतलं, पुसलं आणि आडवं ठेवलं.

"काय झालं?" चांगुणाबाय म्हणाली.

"टेकली."

"मंग?"

"मंग पानी येल तवा निंगल."

"कवा येल?"

बा ने आभाळाकडे बघितलं. "पाच तास."

चांगुणाबाय काही वेळ मामाकडे बघत राहिली. मामा गावाकडे बघत होता. तिथून आमच्या घराचं छप्पर स्पष्ट दिसायचं, आणि थोड्या वेळाने अंगणात आयही दिसली, डोक्यावर कपबशांची टोपली. ती आत गेली, लगेच बाहेर आली, घराभोवती एक फेरी मारली, आणि कपाळावर हात धरून खाडीकडे बघत उभी राहिली. आम्ही पाच जण आणि ती, मध्ये गाळ. बा ने तिला दिसू नये म्हणून पाठ फिरवली, जणू पाठीवरून त्याला ती ओळखणार नव्हती.

पाच तास काय करायचं? मला एकच गोष्ट येत होती. मी पुढच्या टोकाला जाऊन बसले, ओच्यातून डबा काढला, बसायच्या फळीखाली मी नेहमी एक देवदाराचा तुकडा ठेवायची तो घेतला, आणि अर्धवट राहिलेलं फूल पुढे सुरू केलं. मागे चांगुणाबाय बा ची चौकशी करत होती.

"तू त्याच गावचा का?"

"व्हय."

"ज्याची पोर बगायला चाललो त्याला वलखतंस?"

बा ने विचार केला. "वलखतंय."

"मानूस कसा हाय?"

"बरा हाय."

"दारू पितो?"

"कदीमदी. सनासुदीला."

"आनि बायको?"

बा ने पुन्हा विचार केला, जरा जास्त वेळ. "घर तिच्यामुलं हाय," तो म्हणाला.

हे वाक्य बा ने आयला कधी ऐकवल्याचं मला माहीत नाही.

"आनि पोर?"

मी सुरी थांबवली नाही, पण पुढचे तीन टवके वाकडे गेले. बा माझ्या पाठीकडे बघून म्हणाला, "कामाची हाय." मग बहुधा मामाची आठवण होऊन, "गप असते," असंही जोडलं.

ऊन चढलं. गाळातून बारीक बुडबुडे फुटत होते आणि निवट्या म्हणतात त्या गाळातल्या मासळ्या टुणटुण उड्या मारत होत्या. चांगुणाबायने पदर डोक्यावर ओढला आणि आमच्या घरासाठी आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याकडे दोनदा बघितलं, पण सोडला नाही. शेवटी बा ने आमची भाकरी काढली. तांदळाची भाकरी, वर जवळ्याची सुकी चटणी. पाच माणसांत तीन भाकऱ्या. चांगुणाबायने तुकडा मोडला, खाल्ला, चटणीकडे बघितलं. "ही कोनी केलीन?" बा ने माझ्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "खलाशीन बरी रांदते." तिने आणखी चटणी घेतली आणि मला वाटतं त्या दिवशी तिने माझ्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला उद्गार. दुसरा निघायला बराच वेळ लागला.

जेवण झाल्यावर नारायण माझ्याजवळ येऊन बसला. मी टवका काढला की तो कुठे पडतो ते बघायचा. मग म्हणाला, "यो काप आदी सरळ का नाय देत?"

मी म्हटलं, सरळ दिला तर टवका निघत नाही, चुरा होतो. तिन्ही तिरपे लागतात.

"तिनी आत भेटले पायजेत."

"हां."

"आमच्या मशीनचं पन तसंच," तो म्हणाला. "डाय म्हंजे साचा, तो जरा हलला का चुरा." मग सुरीकडे बोट केलं. "मना देशील?"

मी सुरी दिली. उजव्या हाताने त्याने ती बरोबर धरली, अंगठा लाकडावर टेकवून. सांगावं लागलं नाही. पण फळी मांडीवर सरकायला लागली. एका हाताने हे काम होत नाही. त्याने डावा हात खिशातून बाहेर काढला.

"नाराण! हात!" मागून चांगुणाबाय ओरडली.

"आये, हे होडीवालं हायत," तो म्हणाला. "यांच्यासमोर कशाला लपवायचं?"

त्या हाताला तीन बोटं होती. मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती. त्याने त्या तीन बोटांनी फळीचा कोपरा धरला आणि ती हलायची थांबली. मी बा कडे बघितलं. बा मामाकडे बघत होता. मामा आता आभाळाकडे बघत होता.

"मशीननं नेलीन," तो मला म्हणाला, पेन्सिलीच्या रेघेवर पातं ठेवत. "आता मना गेटावर बसवतात, नावं लिवायला."

"दुकतं?"

"थंडीत." त्याने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. "तुज्या बोटांना काय?"

"सुरी लागलीये. सहा वेळा."

"माजं एकदाच झालं," तो म्हणाला. तो थट्टा करत होता की नाही हे मला कळलं नाही. पुढे अनेक वर्षं कळलं नाही.

त्याचा पहिला टवका निघाला नाही. दुसरा अर्धा मोडला. तो परत त्याच कापावर सुरी फिरवणार, तेवढ्यात मी म्हटलं, परत जाऊ नका, जखम मोठी होते. त्याने सुरी थांबवली. मग हळू आवाजात म्हणाला, "त्या पोरीला हाताचं सांगलं नाय. आय म्हनते, लगीन झाल्यावर कलंल."

"आनि तुमी काय म्हनता?"

"मी म्हनतो सांगावं. दारात जाऊन हात दावावा आनि मंग च्या प्यावा. पन आयनं शपथ घातलीये. बाप नाय मना. तिनंच वाडवलंन."

मला तेव्हा त्याला सांगता आलं असतं की ती पोरगी मीच. मी काय लपवत होते हे मोजायला बसले तर माझीही यादी त्याच्या हाताहून लांब होती. तो निदान सांगत होता. मी त्याच्याकडून सुरी घेऊन नुसती धार लावत बसले. आज इतक्या वर्षांनी मला त्या पाच तासांत लाज कशाची वाटते तर त्या गप्प बसण्याची. गुडघ्यापर्यंत खोचलेल्या लुगड्याची नाही.

पाणी आलं तेव्हा आधी वास आला, मग होडी जरा कलली, मग उठली. धक्क्याला लागताच मामाने पाहुण्यांना सांगितलं की आधी गावदेवीला पाया पडायची पद्धत आहे. अशी काही पद्धत नव्हती. देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. ते तिघे वळणावर दिसेनासे झाल्याबरोबर बा आणि मी धावलो. बा त्या दिवशी माझ्यापुढे होता. मागच्या दाराने आत शिरलो तर आय चुलीपाशी उभी. तिने आमच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि बा ने "आले" एवढंच म्हटल्यावर मिटलं. ओरडायला वेळ नव्हता. तिने माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं, केसांना फणी न लावता अंबाडा वळला, हिरवं लुगडं नेसवलं. बा ने धुवट सदरा अंगात अडकवला आणि बाहेर जाऊन चार होड्यांच्या मालकासारखा बसला. माझ्या घोट्यांवरचा गाळ राहिला, कारण आयच्या मते तिथे कुणी बघणार नव्हतं.

पाहुणे आले. मी आतून ऐकत होते. चांगुणाबाय उंबऱ्यात थांबली असावी, कारण मामाचा आवाज एकदम वाढला, "हे मुलीचे वडील."

मग चांगुणाबाय म्हणाली, "दारू सनासुदीलाच ना?"

"व्हय," बा म्हणाला.

मग मला बोलावलं. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, मान इतकी खाली की मला फक्त माझे घोटे आणि त्यावरचा गाळ दिसत होता. चांगुणाबायलाही तेच दिसले असणार. मामाने पाठ केलेलं भाषण सुरू केलं, ते आता त्याला थांबवता येत नव्हतं. मुलगी घरकामात हुशार, घराबाहेर पाऊल नाही, आणि मुलगा तर काय, खोट काढायला जागा नाही. मी चांगुणाबायला कप दिला. मग त्याच्यासमोर गेले. त्याचा डावा हात खिशात होता. त्याने माझ्याकडे वर बघितलं आणि मला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याने उजवा हात पुढे केला. बशी थरथरली, कप घसरला, चहा सांडायला आला.

"खाली ठेव गो ते," चांगुणाबाय म्हणाली.

मी खाली ठेवला नाही. बशी सोडलीही नाही. होडीत जे जमलं नव्हतं ते माझ्या तोंडून तेव्हा निघालं. "दोनी हातांनी घ्या," मी म्हटलं.

त्याने आईकडे बघितलं. मग डावा हात बाहेर काढला आणि तीन बोटांवर बशी नीट तोलून घेतली.

आयने तो हात पाहिला. तिच्या हातातली साखरेची वाटी तिने शांतपणे खाली ठेवली आणि भावाकडे वळली. "धाकू. सोन्यासारका?"

"कामाला तसा..." मामा म्हणाला.

"मना सांगलास नाय."

"मना पन सांगलास नाय," चांगुणाबाय म्हणाली आणि तीही मामाकडे वळली. "चार होड्या! पाऊल भाएर नाय! पाच तास माज्यासमोर पोर बसलीये आनि तू म्हनतंस खलाशी!"

"खलाशी?" आय म्हणाली. "माज्या पोरीला खलाशी?"

त्यानंतर अर्धा तास त्या दोघी मामाला बोलत होत्या. आधी आळीपाळीने, मग एकदमच. आयला बऱ्याच जुन्या गोष्टी आठवल्या, अगदी रेनकोटापर्यंत. चांगुणाबायने स्वतःच्या चुलत भावाबद्दल सांगितलं, तोही असाच होता. मध्येच आयने तिला पाणी दिलं. मध्येच चांगुणाबायने पेढ्यांचा पुडा सोडला आणि आयच्या हातावर एक ठेवला, बोलणं न थांबवता. बा आणि नारायण शेजारी शेजारी चहा पीत होते. मामा दोघींच्या मध्ये बसला होता. मला तेव्हा त्याची दया आली. आता वाटतं, दोन अनोळखी बायकांना एका दुपारात एवढं जवळ आणणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

मग आय मला आत घेऊन गेली. चुलीपाशी तिने माझा हात धरला. तिचा आवाज खाली आला होता. "पोरी, मी काय जबरदस्ती करनार नाय. हात बगलास ना? जलमाचं हाय ते. तुना काय वाटतं ते सांग."

मला बरंच काही वाटत होतं. त्याने हाताचं मला सांगितलं होतं, आईला नाही म्हणू शकला नव्हता तरी निदान त्याला टोचत होतं. मी सांगितलेल्या जागी सुरी थांबवली होती. पण आयला सांगायला माझ्याकडे शब्द फार नव्हते.

"फळी नीट धरतात," मी म्हटलं.

आयने माझ्याकडे बघितलं. मग बाहेर गेली आणि होय म्हणून सांगून आली.

चांगुणाबायने मात्र लगेच होकार दिला नाही. विचार करून कळवते म्हणाली, आणि त्याच भरतीला बा ने त्यांना पल्याड पोचवलं. तिचा निरोप यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी एकही टवका काढला नाही. आयने डबा मागितला नव्हता. मीच तो मडक्यांच्या मागे ठेवून दिला होता. चांगुणाबायचं होय आलं तेव्हा सोबत कारण आलं नाही. मी आयुष्यभर विचारलं नाही.

लग्न झालं, मी पल्याड गेले. डबा सोबत नेला, पण पेटीच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली. सासूसमोर सुरी काढायची की नाही हे ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, थांब थोडी. मी दोन महिने थांबले. एक दिवस चांगुणाबाय बाजारातून आली, हातपाय धुतले, आणि तिची मोरळी माझ्यासमोर आणून आदळली. मोरळी म्हणजे मासे कापायची विळी, जाड फळीवर उभं पातं. फळी धुऊन, उन्हात वाळवून आणली होती.

"याच्यावर काय तरी काढ," ती म्हणाली. "बाजारात सगल्यांच्या मोरळ्या सारक्याच दिसतात. माजी कोन पन उचलून नेतंय."

मी फळी हाताळली. लाकूड चांगलं होतं, पण रोजचं पाणी, रोजचं मीठ, रोजचे खवले. मी तिला खरं ते सांगितलं, कारण त्या घरात मी तेवढं ठरवून आले होते. "आत्या, नक्षी टिकनार नाय. सा महिन्यात झिजून सपाट व्हईल."

"झिजू दे," ती म्हणाली. "मंग परत काढ."

ह्यांनी फळी धरली आणि मी काढली. मी त्या मोरळीवर अकरा वेळा नक्षी काढली. बाराव्या वेळेला काढायला गेले तर फळी इतकी पातळ झाली होती की टवका आरपार निघाला. चांगुणाबायने ते भोक डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आता नवी फळी आण.